साळाव-मुरूड रस्त्यावरचं सुक्या मासळीचं दुकान: जवळा घ्यायचा तर इथला

जवळा, म्हणजे कोलंबीच्या जातीचा तो अगदी बारीक जीव, सुका कुठून घ्यायचा असं कोणी विचारलं की मी आता एकच दुकान सांगते. का सांगते ते जरा सविस्तर लिहिते, कारण सुक्या मासळीचे रिव्ह्यू लोक "माल चांगला आहे, वास येतो" एवढ्यावर संपवतात आणि त्यातून घेणाऱ्याला काहीच कळत नाही.

रेवदंड्याहून कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि तिथून मुरूडकडे जाणारा रस्ता बराचसा समुद्राला धरून जातो. कोर्लई मागे पडलं की थोडं पुढे, बोर्ली यायच्या आधी, उजव्या हाताला पत्र्याची शेड आणि पुढे निळी ताडपत्री बांधलेली दिसेल. पाटी नाहीये. मॅपवर पण सापडणार नाही, त्यामुळे गाडी हळू चालवा. दुकान एक कोळी मावशी आणि त्यांची सून चालवतात. शेडच्या मागच्या बाजूला त्यांचंच वाळवण आहे, बांबूच्या वलांडीवर बोंबील लटकलेले असतात आणि बाजूला कमरेएवढ्या उंच मांडवावर बारीक जाळी ताणून त्यावर जवळा पसरलेला असतो. हा उंच मांडव लक्षात ठेवा, त्याच्याबद्दल पुढे सांगते.

माल सगळा आहे. बोंबील, वाकट्या, सोडे, अंबाड, करंदी, मांदेली, खारा बांगडा. पण मी लिहितेय ते जवळ्याबद्दल, कारण बोंबील चांगला की वाईट ते कोणालाही हातात घेऊन कळतं, जवळ्याचं तसं नाही. तो इतका बारीक असतो की मूठभर घेतला तरी त्यात काय काय आहे ते डोळ्याला दिसत नाही, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो.

गेल्या पावसाळ्यात घरातला जवळा संपला म्हणून मी ऑनलाइन एक पॅकेट मागवलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पॅकेट बघायला एकदम भारी, चेन असलेली पिशवी, मागे रेसिपी छापलेली, आणि पुढे मोठ्या अक्षरात "बेबी श्रिम्प" आणि खाली बारीक अक्षरात "ड्राइड क्रिल". जवळा हा शब्द अख्ख्या पॅकेटवर कुठेच नव्हता. आत निम्मा चुरा, रंग पिवळट, आणि दोनदा धुऊनसुद्धा खाताना दाताखाली वाळू लागली ती लागलीच. वाळूचा राग तर आलाच, पण मला त्या दोन नावांचा राग जास्त आला, कारण दोन्ही चूक आहेत, आणि आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जे नाव आहे ते टाकून ही चुकीची नावं छापली होती.

आधी क्रिलचं बघू. हा मूळ नॉर्वेजियन शब्द आहे. माशांची अगदी बारीक पिल्लं, म्हणजे आपण ज्याला मत्स्यबीज म्हणतो तसलं, त्याला तिकडे क्रिल म्हणत. पुढे देवमासे मारायला जाणाऱ्या नॉर्वेच्या खलाशांच्या तोंडी तोच शब्द देवमाशाच्या खाद्याला लागला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो इंग्रजीत आला. म्हणजे शब्दाचा अर्थ होता नुसतंच "बारीक पिल्लं", आणि चिकटला तो भलत्याच प्राण्याला, जो माशाचं पिल्लू पण नाही आणि मासा पण नाही. आज क्रिल म्हणजे युफॉसिड नावाच्या गटातले कवचवाले प्राणी. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध अंटार्क्टिकाच्या समुद्रातला, तो 6 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पाच-सहा वर्षं जगू शकतो. मेडिकलमध्ये क्रिल ऑइलच्या कॅप्सूल मिळतात ना, त्या त्याच्या तेलाच्या.

आपला जवळा वेगळा. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅसेटस इंडिकस, हे नाव मिल्न एडवर्ड्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1830 साली दिलं, आणि इंडिकस म्हणजे सरळ सरळ हिंदुस्थानातला. जवळा आणि क्रिल हे वेगवेगळ्या गणातले प्राणी आहेत. जवळा कोलंबी-खेकड्यांच्या गणातला, ज्याला दशपाद म्हणतात, म्हणजे दहा पायवाला. पण गंमत अशी की जवळ्याला दहा पाय नसतातच. कोलंबीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात, जवळ्याला तीनच, मागच्या दोन जोड्या नाहीतच. क्रिलचे कल्ले कवचाच्या खाली उघडे दिसतात, जवळ्याचे झाकलेले असतात. क्रिलच्या अंगावर उजेड पाडणारे ठिपके असतात, ते जवळ्याला नसतात.

हे सगळं वाचून माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. मावशींच्या सुनेने मला एकदा ओला जवळा तळहातावर घालून दाखवला, नुकताच होडीतून आलेला. पहिल्यांदा नुसता ओला लगदा दिसतो. मग तिने एकच उचलून स्टीलच्या ताटलीत थेंबभर पाण्यात ठेवला आणि तो उलगडला. अंग काचेसारखं, आरपार, खालचं ताट दिसतंय. दोन काळे कुळकुळीत डोळे बारीक देठांवर बाहेर आलेले. मिशा तांबूस आणि अंगापेक्षा लांब, इतक्या लांब की त्या ताटलीभर पसरल्या. शेपटीपाशी तांबडा ठिपका. आणि पुढे खरंच तीनच जोड्या पायांच्या, दोऱ्याच्या धाग्याएवढ्या. सुकल्यावर यातलं काही उरत नाही, मिशा आणि पाय मोडून जातात, अंग पांढरट-गुलाबी होतं आणि उरतात ते डोळे. सुक्या जवळ्यात जे काळे ठिपके दिसतात ते म्हणजे हे डोळे. शहरातले नवीन लोक त्याला कचरा समजून निवडत बसतात, आणि काही जण तर माल खराब म्हणून परत देतात. उलट डोळे जागच्या जागी असले तर समजायचं की माल कुटला गेला नाहीये, जास्त हातांतून फिरला नाहीये.

मावशींना मी त्या पॅकेटबद्दल सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आमी लानपनापासून जवलाच बोलताव. त्याला दुसरा नाव कनाला?"

आता दुसरं नाव, बेबी श्रिम्प. हे तर मला जास्त चुकीचं वाटतं कारण यामुळे लोकांचा खरंच गैरसमज होतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना वाटतं की जवळा म्हणजे कोलंबीची पिल्लं, आणि ती मोठी व्हायच्या आधीच आपण धरून खातो. काही जण त्या कारणाने जवळा खायचा सोडतात. तर असं नाहीये. जवळा पूर्ण वाढला तरी दीड ते चार सेंटिमीटर एवढाच होतो, माद्या नरांपेक्षा मोठ्या असतात, आणि त्याचं अख्खं आयुष्य वर्षभराचं पण नसतं. तेवढ्यात तो वाढतो, अंडी घालतो आणि संपतो. तुमच्या ताटात जो येतो तो बहुतेक वेळा मोठा झालेलाच असतो. तो लहान आहे, पण तो कोणाचं लहानपण नाहीये. जवळा ज्या जाळ्यात धरतात त्या डोलीत त्याच्याबरोबर इतर माशांची पिल्लं पण येतात ही गोष्ट खरी आहे आणि ती काळजीची आहे, पण तो प्रश्न जाळ्याच्या आसेचा, म्हणजे त्याच्या भोकांच्या मापाचा आहे, जवळ्याचा नाही.

बारीक गोष्टीला नाव देताना माणसं हे असंच करतात असं मला वाटतं. इंग्रजीत श्रिम्प म्हणजे कोलंबी तर आहेच पण छोट्या चणीच्या माणसाला पण श्रिम्प म्हणून चिडवतात, आणि आपल्याकडे काडीसारख्या पोराला सुकट बोंबील म्हणतात. लहान दिसलं की ते मोठ्याचं पिल्लू तरी किंवा मोठ्यापेक्षा कमी तरी. कोळ्यांनी मात्र तसं केलं नाही. त्यांनी आकाराप्रमाणे आणि जातीप्रमाणे प्रत्येकाला आपलं आपलं नाव दिलं. जवळा वेगळा, त्याहून बारीक कोलीम वेगळी, थोडी मोठी ती करंदी, मग अंबाड, आणि मोठी सोलून सुकवली की सोडे. मालवणकडे जा, तिथे त्याच जवळ्याला गोलमो म्हणतात आणि त्याची किसमूर करतात. घाटावर गेलात की सगळ्याचं एकच, सुकट, कारण तिथवर तो सुकूनच पोचतो. ही नावं गावागणिक बदलतात पण एकातही "बेबी" नाही.

या दुकानाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच की इथे ही नावं पाळली जातात. जवळ्याच्या टोपलीत जवळा, करंदीच्या टोपलीत करंदी. ऐकायला साधं वाटेल पण बाजारात असं नसतं. करंदीत जवळा मिसळून करंदीच्या रेटने विकणं सर्रास चालतं, आणि गेल्या वर्षीचा जवळा नव्याच्या खाली घालून देणं तर त्याहून जास्त. मावशींकडे दोन टोपल्या वेगळ्या असतात, नवा आणि जुना, आणि जुन्याचा भाव त्या स्वतःच कमी सांगतात. अगदी चुरा झालेला माल त्या खायला देतच नाहीत, तो कोंबड्यांच्या खाद्याला जातो.

मांडवाची गोष्ट सांगते म्हणाले होते. जवळा सुकवायची जुनी पद्धत म्हणजे सारवलेलं खळं, किंवा सरळ किनाऱ्यावरची वाळू. खळ्यावरचा जवळा चांगला असतो पण त्याला रोज सारवण आणि राखण लागते, आणि वाळूवर टाकलेल्या जवळ्यात वाळू येणारच, मग तुम्ही कितीही धुवा. कारण वाळू नुसती वर बसत नाही, ओला जवळा सुकताना आकसतो आणि कण त्याच्या पायांत आणि कवचाच्या घडीत धरले जातात. मावशींनी काही वर्षांपूर्वी जाळीचा मांडव केला. खालून पण वारा लागतो त्यामुळे कडक उन्हात जवळा लवकर वाळतो, उलटापालट कमी करावी लागते म्हणून मोडत पण नाही, कुत्री-कोंबड्या फिरकत नाहीत आणि वाळूचा प्रश्नच नाही. लवकर वाळणं महत्त्वाचं आहे कारण एवढ्याशा जिवाला खराब व्हायला वेळ लागत नाही. ऊन कमी पडलं, मळभ आलं की तो पिवळा पडतो आणि नाकात जाणारा उग्र वास यायला लागतो, लघवीसारखा. चांगल्या जवळ्याचा वास समुद्राचा असतो, तीव्र असतो, पण नाकाला झोंबत नाही.

घरी तपासायचं असेल तर वाटीभर पाण्यात चमचाभर जवळा टाकून हलवा आणि थांबा, जवळा काढून घ्या, तळाशी काय उरतं ते बघा. मी हे त्या पॅकेटच्या मालावर केलं होतं, बोटाने तळ खरवडला तर रांगोळीसारखा थर. इथल्या जवळ्याच्या वाटीत एखाददुसरं कवचाचं साल आणि बाकी पाणी.

जवळा येतो कसा हे पण लिहायला हवं कारण त्याशिवाय त्याच्या भावातला चढउतार कळत नाही. या पट्ट्यात तो डोलीत पडतो. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं, तोंडाकडे मोठी आस आणि मागे निमुळतं होत खोल्यात, म्हणजे शेवटच्या टोकाला, अगदी बारीक. समुद्रात खुंट ठोकलेले असतात, त्याला ते तोंड पाण्याच्या ओढीसमोर धरून बांधतात. मासळीच्या मागे होडी पळवत नाहीत, जाळं एका जागी उभं असतं आणि भरती-ओहोटीची ओढ जे आणेल ते आत येतं. जवळ्याला हे जाळं बरोबर लागू पडतं कारण जवळा स्वतः ओढीविरुद्ध पोहू शकत नाही, तो पाण्याबरोबर वाहतो. असं पाण्याबरोबर वाहणाऱ्या सगळ्या जीवांना शास्त्रज्ञ प्लँक्टन म्हणतात. हा शब्द व्हिक्टर हेन्सन या जर्मन शास्त्रज्ञाने 1887 साली ग्रीक भाषेतून घेतला, अर्थ भटकणारा, वाहत जाणारा. बघा, या शब्दात लहान-मोठं काहीच नाही, कसा राहतो तेवढंच सांगितलंय, आणि म्हणून मला तो आवडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात असते तेव्हा डोल भरते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी मंद आणि माल कमी. त्यामुळे मावशी भाव सांगताना तिथी बघूनच सांगतात, आणि त्यात लबाडी नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2015 च्या जून महिन्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर निळा देवमासा जिवंत लागला होता, सुमारे 42 फुटी. लोकांनी आणि वनखात्याच्या माणसांनी त्याला परत पाण्यात ढकलायची धडपड केली पण तो वाचला नाही. त्या वेळी बातम्यांत आणि गप्पांत सगळे एकच सांगत होते की एवढा मोठा प्राणी क्रिल खाऊन जगतो. पुस्तकात तसंच असतं, आणि अंटार्क्टिकातल्या देवमाशांसाठी ते खरं पण आहे. पण श्रीलंकेजवळच्या निळ्या देवमाशांच्या विष्ठेतला डीएनए तपासला गेला, त्याचा अभ्यास 2018 मध्ये छापून आला, आणि त्यात निघालं की ते मुख्यतः क्रिल नाही तर सर्जेस्टिड कोळंबी खातात. सर्जेस्टिड म्हणजे कोण? जवळा ज्या कुळातला ते कुळ. नेमका अ‍ॅसेटसच असं मी म्हणत नाहीये, पण भाऊबंदच. आपल्या बाजूच्या समुद्रातला जगातला सगळ्यात मोठा प्राणी जवळ्याच्या नातेवाइकांवर पोसला जातो, आणि आपण आपल्या जवळ्याला क्रिल म्हणून विकतोय. हे वाचल्यापासून मला ते लेबल अजूनच खुपायला लागलं.

आणि फक्त देवमासाच कशाला. बोंबील जवळा खातो, आणखी कितीतरी मासे खातात. कोळ्यांना हे पाठ असतं, जवळा कुठे लागलाय त्यावरून बोंबलाचा अंदाज बांधतात. पूर्वेकडच्या देशांत तर याच्याच भावंडांना मीठ घालून आंबवून चटणीसारखा गोळा करतात आणि रोजच्या स्वयंपाकात घालतात, मलेशियात बेलाचान, इंडोनेशियात तेरासी, थायलंडमध्ये कापी. सगळीकडे हा बारीक जीव स्वयंपाकाचा पाया आहे.

चवीचं. जवळा कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा, रंग जरा बदलला आणि हाताने मोडताना कुरकुर आवाज आला की बस. मग पाण्यात झटकन धुऊन पिळून घ्या, भिजत ठेवू नका, चव सगळी पाण्यात जाते. तेलात ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, हळद, घरचं तिखट, आणि मे महिना असेल तर कैरीच्या फोडी, नाहीतर आमसूल. वरून जवळा घालून पाच मिनिटं झाकण. मीठ शेवटी आणि चाखून, कारण समुद्राचं मीठ त्यात असतंच. तांदळाच्या भाकरीबरोबर खा. या दुकानातल्या जवळ्याला भाजल्यावर गोडसर चव येते, शेवटी जिभेवर राहते ती, आणि ती त्या पॅकेटच्या मालाला अजिबात नव्हती, तिथे नुसता खारटपणा आणि वास. वांग्यात घातलात तर रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. वड्या करायच्या असतील तर मावशींना आधी सांगा, त्या थोडा बारीक जवळा काढून देतात.

रेट. मी मे महिन्यात घेतला तेव्हा 500 रुपये किलो होता. बाजारात याहून स्वस्त मिळेल, पण चार-पाच किलो ओला जवळा सुकवला की कुठे किलोभर हातात येतो हे लक्षात घेतलं तर मला हा भाव रास्त वाटतो. मापं दोन्ही चालतात, वजनकाटा पण आहे आणि जुन्या गिऱ्हाइकांना त्या अजून पायलीने देतात. घासाघीस फार होत नाही, पण मूठभर वरून घालतात. यूपीआय चालतं, नेटवर्क मात्र तिथे येत-जात असतं त्यामुळे रोख ठेवा.

आता कमी काय ते. पॅकिंग अगदी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती गाडीत पोचेपर्यंत टिकते पण वास थांबवत नाही, त्यामुळे घरून झाकणाचा डबा नेलात तर बरं, नाहीतर पनवेलपर्यंत अख्खी गाडी दरवळते आणि एसटीने आला असाल तर शेजारचा माणूस उठून जातो. मी त्यांना दोनदा सुचवलं की घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या ठेवा, दहा-वीस रुपये जास्त घ्या, लोक देतील. अजून झालेलं नाही. पार्किंगला जागा नाही, रस्त्याच्या कडेलाच लावावी लागते आणि शनिवार-रविवारी मुरूडच्या पर्यटकांची गर्दी असते तेव्हा ते धोक्याचं आहे, विशेषतः लहान मुलं बरोबर असतील तर. कुरिअर करत नाहीत. शिमग्याला आणि नारळी पुनवेला बंद, आणि घरात लग्नकार्य असेल तेव्हा पण बंद, फोन करून विचारायची सोय नाही. हे मला खरंच गैरसोयीचं वाटतं, लांबून येणाऱ्याची फेरी फुकट जाते.

पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा दुकान उघडं असतं पण नवा माल नसतो, जे आहे ते मे पर्यंत सुकवलेलं. आमच्याकडे त्यासाठीच आगोटीची खरेदी असते, पावसाआधी मसाले, कांदे, सुकी मासळी सगळं भरून ठेवायचं. मेच्या शेवटी मावशींकडे आगोटीची अशी गर्दी होते की निवडून घेता येत नाही, त्यामुळे मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच जा. घरी आणल्यावर एक दिवस कडक ऊन दाखवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच काचेच्या बरणीत भरा, गरम भरलात तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. मुंबईत गच्ची नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाका. आणि एक महत्त्वाचं, घरात कोणाला कोलंबीची किंवा खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल तर जवळा पण देऊ नका, बारीक आहे म्हणून चालेल असं समजू नका, तो सालासकट खाल्ला जातो आणि त्रास तेवढाच होतो.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा पॅकिंग आणि बंदच्या दिवसांचा. जवळ्यापुरतं बोलायचं तर पूर्ण पाच. जाल तेव्हा नवा की जुना ते विचारून घ्या, त्या खरं सांगतात. आणि करंदी हवी असेल तर सकाळीच पोचा, दुपारपर्यंत ती उरत नाही.